कॉलेजात असताना कोविड झाला, तेव्हा तुम्ही काय केलं? (अनुभव धागा)

परवा कॉलेजातल्या ज्युनिअरचा फोन आला. घसा बसलेला, किटवर दोन रेघा. पहिलाच प्रश्न, "ताई, उद्या प्रॅक्टिकल आहे. सांगू की नको?"

म्हणून हा धागा. नाशिकला शिकताना ज्यांना कोविड झाला किंवा जे बाधिताच्या संपर्कात आले, त्यांनी लिहा. कुणाला सांगितलं, कुठे राहिलात, काय चुकलं.

माझं आधी सांगते. जानेवारी २०२२. कॉलेजं १५ फेब्रुवारीपर्यंत बंद राहणार असं जाहीर झालं. कॉलेज रोडला आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. एकीला दोन दिवस कणकण होती, थंडीची असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. मी बॅग भरून निघाले. एसटीचा संप होता, त्यामुळे काळीपिवळीत दाटीवाटीने बसून निफाडजवळच्या आमच्या मळ्यात पोचले. द्राक्षांचा खुडा तोंडावर आलेला, घरात माणसांची ये-जा. दोन रात्री आजीच्या मांडीला मांडी लावून जेवले. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि त्याच रात्री मला ताप भरला. मग आजीला. ती नऊ दिवस दवाखान्यात होती. परत आली, पण आजही बांधापर्यंत चालली की मध्येच टेकते. मला खोलीवर थांबता आलं असतं. खोली होती, डबा मिळत होता.

नाशिकरोडचा होस्टेलवाला
मी सकाळीच रेक्टर सरांना सांगितलं. वरच्या मजल्यावरची रिकामी खोली मिळाली. मेसवाले काका दाराबाहेर स्टुलावर ताट ठेवून लांबूनच हाक मारायचे, "गरम आहे तोवर खा रे!" तेव्हा नियम सात दिवसांचा होता, त्यातले शेवटचे तीन दिवस ताप नको. पोरं टाळतील असं वाटलं होतं, पण रोज रात्री नोट्सचे फोटो यायचे.

सिडकोची
ऑक्सिमीटरवर ८९ दिसलं आणि आईने थेट रिक्षा बोलावली. मावशी फोनवर म्हणाली, आधी नेलपॉलिश पूस. पुसलं, गार पडलेलं बोट चोळून गरम केलं, तर ९७!

नर्सिंग, शेवटचं वर्ष
वरचं वाचून लिहिते. बोट नीट लावूनही आकडा ९४ च्या खाली राहत असेल, धाप लागत असेल किंवा छातीत दडपण येत असेल, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. दुसरं, रूममेट पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी किट करून "मी निगेटिव्ह" म्हणत सगळे मोकळे होतात. इतक्या लवकर विषाणू सापडतोच असं नाही. लक्षणं नसतील तर पाचव्या दिवसाच्या आसपास करा. लक्षणं असूनही निगेटिव्ह आली, तर दोन दिवसांनी पुन्हा करा किंवा आरटीपीसीआर करून घ्या. तोवर मास्क, उघड्या खिडक्या आणि म्हाताऱ्या माणसांपासून लांब. पॉझिटिव्ह असाल तर गोळी न घेता २४ तास ताप नाही आणि बाकी त्रासही कमी होतोय, तोपर्यंत खोलीतच राहा. बाहेर पडल्यावरही पाच दिवस मास्क लावा. आणि मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणू नका, विषाणूवर ते चालत नाही.

गंगापूर रोड, प्राध्यापिका
मी दुसऱ्या बाजूने लिहिते. एक मुलगा प्रॅक्टिकलला खोकत बसला, आठवड्याभरात निम्मी बॅच आजारी. मी त्याला खूप बोलले. घरी आल्यावर लक्षात आलं, प्रॅक्टिकल पुन्हा देता येतं हे मी वर्गात एकदाही सांगितलं नव्हतं. त्याला मार्क जायची भीती होती. आता टर्मच्या पहिल्याच तासाला सांगते, बरं नसेल तर आधी मेसेज टाका, सर्टिफिकेट मागाहून आणा.

धागाकर्ती
मॅडम, तुमचा प्रतिसाद तसाच्या तसा तिला पाठवला. तिने विभागप्रमुखांना कळवलं, प्रॅक्टिकल पुढच्या बुधवारी ठरलंय. आत्ताच तिच्या दाराशी मुगाच्या खिचडीचा डबा ठेवून आले.