वारीला एक जण जातो, तेव्हा घर कोण चालवते?

ज्ञानोबांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. म्हणजे घरातला एक माणूस जवळजवळ तीन आठवडे कामावर नसतो, शेतात नसतो, मुलांच्या आजारपणात नसतो. त्या दिवसांत त्याचा भार कोणी उचलला, हे कीर्तनात क्वचितच ऐकायला मिळते. ज्यांची नोकरी आणि प्रपंचाची वर्षे आता मागे पडली आहेत, त्यांनी वारीचे वर्णन थोडके आणि तिच्यामागच्या घराचे सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करते.

निवृत्त शिक्षिका, सातारा

माझे वडील लालबागच्या एका कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे कामगार होते. रजेवर गेलेल्या माणसाच्या जागी बदली कामगार उभा राहत असे, त्यामुळे साचे थांबत नसत. थांबत असे तो आमच्या घरात येणारा पैसा. ती तूट आई खानावळीतून भरून काढी. गावाकडून एकट्याने आलेले कामगार आमच्या चाळीतल्या एका खोलीत दोन वेळ जेवत. पहाटे ती हरिपाठ म्हणत भाकऱ्या थापायला बसे आणि हरिपाठ संपेपर्यंत पहिल्या पाळीचे डबे भरलेले असत. त्यानंतर रात्रपाळी करून आलेल्यांची पंगत बसे. एकादशीला तिचा स्वतःचा उपवास असे, पण चूल मात्र दोन्ही वेळा पेटे. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले, तेव्हा कुठे ती वाण्याच्या उधारीतून सुटली.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि आमच्याकडे जेवणारे बहुतेक जण मागची बाकी तशीच ठेवून गावी गेले. त्यांच्याकडेच पैसे नव्हते, म्हणून आईने कोणाला तगादा लावला नाही. त्या आषाढात वडिलांजवळ दिंडीच्या भिशीपुरतेही, म्हणजे वाटेतल्या जेवणखर्चाच्या वर्गणीपुरतेही पैसे नव्हते. दिंडीने त्यांच्याकडून काही न घेता त्यांना ट्रकबरोबर पुढे पाठवून तंबू उभारण्याचे काम दिले आणि ते त्यांनी पंढरपूरपर्यंत मनापासून केले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही आणि वडिलांची गिरणीही पुन्हा सुरू झाली नाही. ते गावी शेतीकडे वळले, आई आमच्या शाळांसाठी मुंबईतच राहिली.

आईची वारी चुलीपुढेच झाली, असे नातेवाईक आजही कौतुकाने म्हणतात आणि मळ्यातल्या कामातच विठ्ठल पाहणाऱ्या सावता माळ्यांचा दाखला देतात. मला ते पटत नाही. तिला चालायचे होते, पण तिच्या जागी उभा राहणारा बदली कामगार घरात नव्हता. भाऊ कमावता झाल्यावर ती पहिल्यांदा दिंडीत गेली, तेव्हा वडील घरी थांबले आणि नातवंडांसाठी त्यांनी स्वतः भाकऱ्या थापल्या. माझ्या दृष्टीने ती वडिलांचीही वारीच होती.

शेतकरी, बीड जिल्हा

आम्ही दोघे भाऊ पैठणच्या नाथांच्या पालखीबरोबर चालतो, पण एका वर्षी मी आणि एका वर्षी तो, कारण आषाढी आणि पेरणी यांची गाठ नेहमीच पडते. अधिक महिन्यामुळे तारीख मागेपुढे होते. 2015 साली आषाढी 27 जुलैला होती. पेरण्या उरकल्या होत्या, परंतु पावसाने ओढ दिली होती आणि पिके डोळ्यांदेखत माना टाकत होती. 2023 साली ती 29 जूनला आली आणि पाऊसच उशिरा आला, त्यामुळे रान मोकळे टाकून मी निघालो होतो. पंढरपूरजवळच्या वाखरीच्या तळावर भावाचा फोन आला, पाऊस झाला म्हणून. मी विचारले, "ओल किती खोल गेली?" तो म्हणाला, "वीतभर." मी म्हणालो, "मग थांबू नकोस, सोयाबीन पेरून घे." तिफणीमागे माझी पत्नी आणि वहिनी राबल्या. दर्शन मला झाले, परंतु त्या खरिपाचे श्रेय त्या तिघांचे आहे.

निवृत्त परिचारिका, पुणे

पालख्या पुण्यात मुक्कामाला असत, तेव्हा आम्ही वारकऱ्यांचे पाय धुऊन मलमपट्टी करत असू. ज्यांना मधुमेह आहे त्यांना तळव्याची जखम कळतच नाही, म्हणून "मला काही होत नाही" म्हणणाऱ्या आजोबांचेच पाय आम्ही आधी उलटून पाहत असू. माझी मुले त्या दिवसांत सासूबाईंकडे असत. त्या जन्माने वारकरी घरातल्या होत्या, पण त्या काळात त्यांनी पालखीच्या दर्शनालाही जाण्याचा आग्रह कधी धरला नाही.

निवृत्त एसटी वाहक, सोलापूर जिल्हा

आषाढीत आम्हाला रजा नसे. पंढरपुराबाहेर उभारलेल्या तात्पुरत्या स्थानकावर जादा गाड्या लागत आणि द्वादशीला परतणाऱ्यांची रीघ सुरू होई. तिकिटांचा ट्रे आणि पंच सांभाळत गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना कोणीतरी आजीबाई हमखास हातावर चुरमुऱ्यांचा प्रसाद ठेवत आणि कपाळाला बुक्का लावत. मंदिर इतके जवळ असूनही नोकरीच्या काळात आषाढीचे दर्शन मला घडले नाही. घरी देवपूजा, मुलांचा अभ्यास आणि माझ्या आईचे दुखणे हे सगळे पत्नीने एकटीने पाहिले. 2020 साली साथीमुळे पायी वारी झाली नाही आणि संतांच्या पादुका एसटी बसमधून पंढरपूरला गेल्या, तेव्हा दूरदर्शनवर ती गाडी पाहून आम्ही दोघेही उठून उभे राहिलो.

आता आम्ही दोघे माघीला जातो आणि रांगेत उभे राहून पदस्पर्श दर्शन घेतो. आषाढीला मात्र घरीच असतो, कारण मुलगा माझ्याच जुन्या आगारात चालक आहे, सून नोकरीला जाते आणि त्या दिवसांत नातवंडांना शाळेत पोहोचवणे आमच्याकडे असते.