फूटहिल की डी अँझा? मुलीच्या प्रवेशासाठी सल्ला हवा आहे

सनीवेलकर: नमस्कार. माझी मुलगी यंदा हायस्कूल संपवत असून तिला कॅलिफोर्नियातल्या फूटहिल–डी अँझा डिस्ट्रिक्टमधल्या फूटहिल किंवा डी अँझा या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जायचे आहे. रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजी (एक्स-रेसारख्या तपासण्यांचे तंत्र) शिकून रुग्णालयात नोकरी धरावी की दोन वर्षांनी यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात) जाऊन अर्थशास्त्र घ्यावे, हे तिचे ठरत नाही. पुस्तके सोडून वर्षाला दोन हजार डॉलर झेपतील. गाडी एकच आहे.

देशपांडे_काका: डोळे झाकून डी अँझा घ्या. माझा मुलगा तिथूनच यूसीच्या बर्कली शाखेत गेला. कॉलेज क्युपर्टिनोत भर वस्तीत, स्टीव्हन्स क्रीक रस्त्यावर असल्यामुळे बसही सोयीची आहे.

मीनल_एसजे: काका, आपल्या मुलाचे अभिनंदन, परंतु कम्युनिटी कॉलेजातून येणाऱ्यांसाठीची यूसीची प्रवेशहमी बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोला लागू नाही. ती डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा ठिकाणी मिळते, त्यातही काही विषय वगळलेले असतात, आणि तिचा अर्ज सप्टेंबरातच भरावा लागतो.

देशपांडे_काका: हमीशिवायही प्रवेश मिळतो, हे मी घरातच पाहिले आहे.

पराग७४: त्यापेक्षा थेट सँता क्लारा विद्यापीठात घाला. खर्च जास्त आहे, पण वर्ग लहान असतात.

विद्याताई: पराग, त्यांनी दोन हजारांची मर्यादा सांगितली आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना क्वार्टर युनिटमागे (युनिट म्हणजे अभ्यासक्रमाचे श्रेयांक) ३१ डॉलर पडतात, म्हणजे वर्षाला ४५ युनिट घेतली तर १,३९५ डॉलर आणि वर किरकोळ शुल्क. एच-४ व्हिसावरील (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या कुटुंबातील) मुलांनाही रहिवासी ठरता येते, मात्र एक वर्ष आणि एक दिवसाच्या वास्तव्याची कागदपत्रे आधीच जुळवून ठेवा. दर दोन्हीकडे सारखाच आहे, त्यामुळे निवड अभ्यासक्रमावरून करा: नर्सिंग आणि ऑटोमोटिव्ह डी अँझात आहेत, तर रेडिओलॉजिक, रेस्पिरेटरी (श्वसनोपचार) आणि दंत-आरोग्याची पदवी फूटहिलला.

गणेश_मिलपिटास: दोन्हीकडे क्वार्टर पद्धत आहे. वर्ग सुमारे बारा आठवड्यांत संपतो आणि आजारपणात एक आठवडा बुडाला की मागचे भरून काढताना जीव मेटाकुटीला येतो, हे माझ्या भाचीच्या बाबतीत मी पाहिले. लांब सत्रांची सेमिस्टर पद्धत हवी असेल तर वेस्ट व्हॅली कॉलेज बघा.

मीनल_एसजे: वेस्ट व्हॅली वेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे, इथे प्रश्न तो नाही.

देशपांडे_काका: पुन्हा सांगतो, बस हवी असेल तर डी अँझाच. फूटहिल लॉस आल्टोस हिल्समध्ये टेकडीवर आहे, आणि खालच्या पार्किंगमधून उतरत्या छपरांच्या त्या इमारतींपर्यंत रोज चढून जावे लागते.

विद्याताई: चढ आहे, पण तरुण मुलीला तो अडचणीचा नाही. खरी अडचण अशी, की रेडिओलॉजिकला थेट प्रवेश नसतो. आधी शरीररचनेसारखे पूर्वविषय पूर्ण करून वेगळा अर्ज करावा लागतो आणि जागा मोजक्याच असतात. पूर्वविषय डी अँझात घ्यायचे झाल्यास ते चालतील का, हे फूटहिलच्या कौन्सिलरकडून लेखी घ्या.

सनीवेलकर: सर्वांचे मनापासून आभार. काकांचे मत डी अँझा आणि यूसीकडे झुकले, तरी मुलीने फूटहिल निश्चित केले आहे आणि पूर्वविषयही ती तिथेच घेणार आहे. तिला रुग्णालयातले काम आवडते, हे मला या चर्चेनंतर तिच्याशी बोलताना स्पष्ट कळले. गाडी सकाळी तिच्याकडे राहील. मी बसने ऑफिसला जाईन.

देशपांडे_काका: शुभेच्छा. तरीही यूसीला चालतील असे विषय सोबत घेत राहावेत, असे माझे मत आहे.