भाजी नसली की डुबुक वडे

भाज्या महाग झाल्या की रोज वरण-भात किती खायचा, असा प्रश्न पडतोच. आमच्या जळगावकडे अशा वेळी डुबुक वडे होतात, म्हणजे उकळत्या रश्श्यात सोडून शिजवलेले बेसनाचे वडे. डब्यातलं बेसन, कांदा, लसूण आणि काळा मसाला, एवढ्यावर चौघांचं जेवण निघतं.

कांदा आणि सुकं खोबरं भाजून लसणासोबत वाटायचं. खोबऱ्याचे भाव बघता मी निम्मं खोबरं, निम्मे शेंगदाणे घेते. चवीत फार फरक पडत नाही. वाटण तेल सुटेपर्यंत परतून काळा मसाला, तिखट, मीठ आणि भरपूर पाणी. पाण्यात कंजूसी नको, बेसन रस्सा पितं. बेसनात हळद, तिखट, ओवा, मीठ घालून भज्यापेक्षा किंचित घट्ट भिजवा आणि रस्सा खळखळ उकळत असतानाच बोटांनी सोडा. लगेच डाव घातलात तर पिठलं होईल! वडे वर तरंगले की मगच हलकेच हलवा, मंद आचेवर पाच-सात मिनिटं शिजू द्या.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत चाराला एक या मापाने सालासकट काळे उडीद आणि थोडं जाडं मीठ घालून दळून आणायचं. उरलेली भाकरी सकाळी तेल-चटणीशी उत्तम लागते.