मदत हवी आहे: संगणकावरच्या लाल चौकटी कुणी वाचतच नाही

नमस्कार. खानापुरात आमचा दहा खाटांचा दवाखाना आहे. ओपीडी मी बघते. दीड वर्षापूर्वी सॉफ्टवेअर घेतलं. औषध घातलं की ते पेशंटच्या आधीच्या गोळ्यांशी, अ‍ॅलर्जीशी, क्रिएटिनिनशी (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) ताडून बघतं आणि काही खटकलं तर चौकट दाखवतं. विकायला आलेला माणूस म्हणाला होता, मॅडम, आता चूक व्हायचीच नाही.

गेल्या महिन्यात जांबोटीकडच्या एक काकू आल्या. हृदयाची झडप बदललेली, वॉरफरिन चालू. जुलाब होत होते म्हणून मी मेट्रोनिडाझोल सांगितलं. या गोळीमुळे यकृतात वॉरफरिनचा निचरा मंदावतो आणि रक्त नको इतकं पातळ होतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण त्या दिवशी बाहेर बाजारासारखी गर्दी. माझ्या लक्षात आलं नाही, सॉफ्टवेअरच्या आलं. चौकट उमटली, सिस्टरने ओके दाबलं. शेवटी मेडिकलवाल्याने काकूंच्या पिशवीतली पट्टी बघून फोन केला, "मॅडम, ह्या रक्त पातळ करायची गोळी घेतात की. ही कशी देऊ?"

सिस्टरवर चिडणार होते. पण दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी खुर्ची टाकून चौकटी मोजल्या. ५८ पेशंट, ९३ चौकटी. लोह आणि कॅल्शियम एकत्र देऊ नका. गरोदरपणात जपून (पेशंट सत्तरीच्या आजी!). सगळ्या लाल, सगळ्या इंग्रजीत, सगळ्या सारख्याच आकाराच्या. तासाभरात माझंही बोट आपोआप ओकेवर जायला लागलं.

आणखी एक भानगड नावांची. लक्ष्मी हे नाव इंग्रजीत आमची मराठी मुलगी 'एक्स' घालून लिहिते, कन्नड शाळेत शिकलेली 'केएसएच' घालून. झाले दोन पेशंट. एकीच्या नावावर शुगरच्या गोळ्या, दुसरीच्या नावावर काहीच नाही. मग संगणक गप्प बसतो, आणि तो गप्प म्हणजे सगळं ठीक असं आपण धरतो. मला याची जास्त भीती वाटते.

कंपनीवाले म्हणतात, चौकटी बंद करा, पण तुमच्या जबाबदारीवर. कोणत्या बंद कराव्यात? कुणी केलंय का?

मिरजकर: मॅडम, हे तुमच्याच दवाखान्याचं दुखणं नाही. २००६ च्या एका आढाव्यात डॉक्टरांनी ४९ ते ९६ टक्के इशारे बाजूला सारल्याचं दिसलं होतं. अमेरिकेत तज्ज्ञांनी २०१२ मध्ये औषधांच्या १५ अशा जोड्या ठरवल्या की इशारा द्यायलाच हवा, आणि २०१३ मध्ये ३३ अशा, ज्यांच्यासाठी डॉक्टरचा हात अडवायची गरज नाही. त्या याद्या बघा, पण तशाच उचलू नका. स्वतःच्या कपाटातली औषधं घेऊन बसा. वॉरफरिनबरोबरची अँटिबायोटिक्स आणि बुरशीची औषधं तुम्ही घालाच. शिवाय टिझानिडिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन. कंबरदुखीला एक, जुलाबाला दुसरं, आपल्याकडे सर्रास एका चिठ्ठीवर येतं आणि बीपी धाडकन उतरतं. अशा वीसेक जोड्यांना थांबवणारी चौकट ठेवा. बाकीचं कडेला बारीक अक्षरात येऊ दे, ओके मागायला नको.

निपाणीची सिस्टर: डॉक्टरांनी लिहिलंय म्हणून मीही लिहिते. चौकट आमच्यासमोर येते, औषध तुम्ही ठरवता. मॅडम पुढचा पेशंट तपासत असताना "हे बघा, संगणक नको म्हणतोय" असं सांगायला मी दोनदा गेले, दोन्ही वेळा "तुला कळतं का" ऐकून परत आले. तिसऱ्यांदा कोण जाईल? चौकट कमी करा, पण ती तुमच्या टेबलावर उघडेल असंही बघा.

धागाकर्ती: सिस्टर, हे मला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. आमच्याकडे औषध मी तोंडी सांगते, टाइप ती करते. म्हणजे इशारा बरोबर आला तरी चुकीच्या माणसाला येतो, हे दीड वर्षात सुचलंच नाही. नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणतो, मग टाइप तू कर. करीन म्हणते, पण ५८ पेशंट?

मिरजकर: सगळं नको. थांबवणाऱ्या वीस जोड्यांना फक्त तुमचा पासवर्ड लावा. तरीही द्यायचंच असेल तर कारण लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. नावांसाठी: नोंदणी करताना नावाने शोधूच नका. १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) असेल तर तो, नसेल तर जन्मसाल, गाव आणि मोबाइल. घरात मोबाइल एकच असतो, म्हणून नुसता मोबाइल पुरत नाही.

धागाकर्ती: कंपनीवाल्याला शुक्रवारी बोलावलंय. सिस्टरलाही त्या वेळी माझ्या शेजारी बसवणार आहे. मेडिकलवाल्याला विचारून यादीत सहा जोड्या वाढल्या, त्यातल्या दोन मला माहीतच नव्हत्या. लक्ष्मी मात्र अजून आठ निघाल्यात, त्या जोडायला कुणाला तरी बसवावं लागेल.