कौल देवाचा, पण निवड कोणाची?

धागाकर्ता

२९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र यांनी आपल्या एका विद्यार्थ्याची हकिगत सांगितली होती. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेलेला, वडील शत्रूशी हातमिळवणी करण्याकडे झुकलेले आणि आई केवळ या मुलाच्या आधारावर जगत असलेली. इंग्लंड गाठून स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल व्हावे की आईजवळ राहावे, हा त्याचा पेच होता. सार्त्र यांनी त्याला, तू स्वतंत्र आहेस, तेव्हा तूच निवड, एवढेच सांगितले. पुष्कळांना हे हात झटकणे वाटते. मला ते प्रामाणिक वाटते. धर्मगुरूला विचारावे म्हटले, तर जर्मनांना साथ देणारेही धर्मगुरू होते आणि प्रतिकारात उतरलेलेही, त्यामुळे कोणाकडे जायचे हे ठरवतानाच सल्ला निम्मा ठरून जातो.

हे मला पॅरिसच्या आधी कोकणात कळले होते. आत्याला जमिनीत वाटा द्यावा की नाही, यासाठी काकांनी ग्रामदेवतेला कौल लावला. गुरवाने पाषाणावर ओले कळे चिकटवले, गाऱ्हाणे घातले, आणि डावीकडचा कळा आधी पडला. काका क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, ‘प्रश्न नीट मांडला गेला नाही, पुन्हा विचारू.’ देव आहे की नाही हा वाद मी घालत नाही. पण जे पडले ते देवाचे उत्तर आहे, हे ठरवणारा माणूसच असेल, तर नैतिक जबाबदारी देवावर टाकता येत नाही.

प्रतिसाद १

आपल्या काकांची लबाडी ही श्रद्धेची व्याख्या नव्हे. चुकीचे माप वापरणारा दुकानदार दिसला, म्हणून वजन नावाची गोष्टच नाही असे आपण म्हणत नाही. उलट, काकांनी पळवाट काढली हे आपल्याला खटकले, ते कोणत्या कसोटीवर? सार्त्र म्हणतात तशी मूल्ये आपणच निर्माण करत असू, तर काकांनीही आपले मूल्य निर्माण केले, एवढेच म्हणता येईल. सार्त्र यांनाही ही अडचण जाणवली असावी, कारण स्वतःसाठी निवड करणारा माणूस साऱ्या मानवजातीसाठी निवड करतो, असे ते त्याच व्याख्यानात म्हणतात. हे ओझे माणसावर कोणी टाकले? सर्वांना लागू करता येईल अशाच नियमाने वागा, असे सांगणारा तत्त्वज्ञ कांट; ईश्वराला दारातून बाहेर काढून त्या कांटला खिडकीतून आत घेतल्यासारखे हे आहे.

शिवाय भाविकाच्या लेखी देव म्हणजे आज्ञापत्रे काढणारा अधिकारी नसतो, तो साक्षी असतो. माझी आजी बाजारातून घरी आल्यावर पैसे मोजायची आणि दोन रुपये जास्त आलेले दिसले, तर तेवढ्यासाठी उन्हात परत जायची. तिला कौल लावावा लागला नाही.

प्रतिसाद २

दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे: नीती वस्तुनिष्ठ हवी असेल, तर तिच्यामागे ईश्वर हवा. वेदांतील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसकांना हे मान्य नव्हते. जैमिनींच्या सूत्रात धर्म विधिवाक्यातून, म्हणजे वेदातल्या आज्ञेतून, कळतो. वेद अपौरुषेय, म्हणजे ईश्वरानेही न रचलेले. आणि कुमारिल भट्टांनी तर जगाच्या कर्त्याचे खंडनच केले. कर्मठपणात त्यांचा हात कोणी धरला नसता, तरीही! (वेद प्रमाण का, हा प्रश्न उरतोच, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.) आगरकरांचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. ते अज्ञेयवादी होते, जिवंतपणी पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली गेली, आणि त्यांच्या सचोटीबद्दल विरोधकांनाही शंका नव्हती.

धागाकर्ता

प्रतिसाद १ मधील कसोटीचा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचे पुरे उत्तर माझ्याजवळ नाही. सार्त्र यांचे ‘साऱ्या मानवजातीसाठी’ मलाही उसने वाटते. मात्र आपल्या आजींचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. वर कोणी पाहत आहे, ही श्रद्धा काकांचीही तितकीच दृढ होती. ते कौलाच्या दिवशी उपाशी होते. एकच साक्षी मानणारी दोन माणसे, एक दोन रुपयांसाठी परत गेली आणि दुसऱ्याने प्रश्न बदलला.

प्रतिसाद १

दुसऱ्या वेळी कौल कोणत्या बाजूने पडला, हे आपण सांगितले नाही.

धागाकर्ता

पुन्हा डावाच. काकांनी तिसऱ्यांदा विचारले.