नोव्हेंबरच्या सहलीत सावंतवाडीला किती वेळ द्यावा?

ए-२०३ : सर्वांना नमस्कार. आपल्या सोसायटीतील ज्येष्ठांच्या सहलीचा आराखडा असा आहे : पहाटे पुण्याहून निघून निपाणी-आजरामार्गे आंबोली घाट उतरायचा, सावंतवाडीत चहासाठी तासभर थांबायचे आणि रात्री गोव्यात मुक्काम करायचा. कोणाची हरकत असल्यास कृपया कळवावे.

सी-५०१ : नमस्कार काका. आपण घेतलेल्या मेहनतीबद्दल आभार, परंतु सावंतवाडीला एकच तास देण्यास माझी मनापासून हरकत आहे; तिथे दोन दिवस तरी राहावे. ते माझे आजोळ आहे आणि गोव्याला जाणारी माणसे तलावाकाठी गाडी उभी करून, दोन छायाचित्रे काढून निघून जातात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. १८७४ साली बांधलेला मोती तलाव गावाच्या अगदी मध्यभागी आहे; एका काठाला राजवाडा, दुसरीकडे बाजारपेठ आणि पाठीशी नरेंद्र डोंगर. दिवस मावळताना सारे गाव त्या काठावर फिरायला येते, आणि ती वेळ चुकली तर सावंतवाडी पाहिली असे मी तरी म्हणणार नाही.

राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर हाताने गंजिफा, म्हणजे खेळायचे पारंपरिक गोल पत्ते, रंगवतात. दशावतारी गंजिफाच्या संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि दहा साधी पाने, अशी १२० गोल पाने असतात. तिघांनी खेळायचा हा खेळ दिवसा मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती तो डाव सुरू करतो, आणि रात्री तो मान कृष्णाच्या राजाकडे जातो. ही कला लोप पावण्याच्या बेतात असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या जाणकाराकडून ती शिकून घेतली आणि नव्या कारागिरांच्या हाती दिली, म्हणून आज ती आपल्याला पाहायला मिळते. रंग भरणाऱ्या माणसाजवळ शांतपणे अर्धा तास बसावे, एवढीच माझी विनंती आहे.

ए-१०४ : गुडघ्यांच्या दुखण्यामुळे मला चढण जमत नाही. दोन दिवस राहून माझ्यासारखीने काय करावे?

सी-५०१ : काकू, तलावाचा काठ सपाट आहे, हवे तेव्हा बसता येईल. चितारआळीत लाकडी खेळणी आणि रंगवलेली फळे मिळतात. नातवंडांसाठी भातुकली तिथूनच घ्यावी. पांगाऱ्याचे लाकूड हलके असल्याने पूर्वीपासून त्यासाठी वापरत आले आहेत. आंबोली सुमारे ३० किलोमीटरवर आणि ६९० मीटर उंचीवर आहे. नोव्हेंबरात धबधब्यांचा पावसाळ्यातला जोर नसेल, पण हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी असलेले मंदिर अवश्य पाहावे. तिथल्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाची जगात नवीन प्रजाती म्हणून नोंद झाली आणि २०२१ साली त्या परिसराला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

बी-४०२ : मी सहमत आहे. गोवा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे.

ए-२०३ : ठीक आहे. सावंतवाडीत दोन रात्री आणि गोव्यात एक, असा बदल करतो. आंबोली उतरतानाच पाहून घेऊ, म्हणजे पुन्हा घाट चढावा लागणार नाही. राजवाडा पाहण्याच्या वेळा आधी फोन करून विचारतो. गंजिफाचा संच हाताने रंगवला जात असल्याने ज्यांना तो विकत घ्यायचा आहे, त्यांनी रविवारपर्यंत मला सांगावे.