मदत हवी आहे: खेळण्यांच्या कंपनीत ब्रँड मॅनेजरची मुलाखत

निळा_रोबो:
येत्या गुरुवारी खेळण्यांच्या एका कंपनीत ब्रँड मॅनेजरच्या पदासाठी माझी मुलाखत आहे. लहानपणापासून मी ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे गाडी किंवा विमानाचे रूप घेणारे खेळण्यातले रोबो, जमवत आलो आहे. हा छंद मुलाखतीत सांगावा की नाही? कृपया लवकर उत्तर द्यावे.

सुमेधा:
सध्या आपण काय काम करता, आणि ती कंपनी स्वतःची खेळणी बनवते की परदेशी ब्रँडचा परवाना घेते, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

रानवारा:
छंद अवश्य सांगा, मात्र कामाच्या अंगाने सांगा. १९८४ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी कंपनीने ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले, तेव्हा त्यांतील बरीच खेळणी जपानच्या टाकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या मालिकांमधून घेतलेली होती. स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प ही विमाने तर मुळात एकच खेळणे, रंग आणि स्टिकर तेवढे निराळे. साच्याला मोठा पैसा लागतो, म्हणून एकाच साच्यातून तीन पात्रे उभी करण्यात काय साधले, हे चाहत्याइतके नेमके कोण सांगू शकेल?

मांडवीकाठ:
मला हे पटत नाही. फनस्कूल या भारतीय खेळणी कंपनीने इथे काढलेल्या जी. आय. जो. या सैनिक बाहुल्यांचे वेगळे रंग परदेशातील संग्राहक आजही शोधत असतात, परंतु तेव्हा त्या घेतल्या मुलांसाठी आईवडिलांनी. संग्राहकाच्या नजरेने बोललात, तर हा माणूस स्वतःसाठीच खेळणी काढेल, अशी शंका मुलाखत घेणाऱ्यांना येईल.

मिताली:
एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्था) गांधीनगर केंद्रात खेळणी आणि गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. आधी तो करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रानवारा:
मितालीताई, त्यांची मुलाखत गुरुवारी आहे आणि पद डिझाइनरचे नाही. मांडवीकाठ, आईवडिलांचा मुद्दा मान्य आहे, पण म्हणून छंद दडवण्याचे कारण नाही.

निळा_रोबो:
सांगायचे राहिले: मी नाशिकला एका बिस्किट कंपनीच्या विक्री विभागात आहे. ही कंपनी परदेशी ब्रँडचा परवाना घेऊन माल इथेच बनवते.

सुमेधा:
मग दुकानदार नवा माल कशाच्या भरवशावर ठेवून घेतो, हे आपल्याला ठाऊक आहे; सुरुवात तिथून करा आणि छंद त्यानंतर सांगा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेव्हा परदेशी ब्रँडने नवा माल आणण्याच्या ठरवलेल्या वेळापत्रकात या चिन्हासाठीच्या चाचण्यांचा वेळ कसा बसवाल, याचेही उत्तर तयार ठेवा. आणि मुलाखत घेणारे विक्री विभागाचे आहेत की उत्पादनाचे, हे अजून आपण सांगितलेले नाही.